एका कडेने चिकटवलेल्या चिठ्ठ्या

आश्विनातलं ऊन पडलं की माझ्या नाकात खळीचा वास येतो. पाऊस सरलेला असतो, पण भिंतीतली ओल अजून गेलेली नसते. खांदा कॉलनीतल्या आमच्या इमारतीत सगळ्या गॅलऱ्यांतून गाद्या, उशा, रजया लटकायला लागतात. कुणी माळ्यावरचे डबे खाली काढतं, कुणी पंख्याची पाती पुसतं. दुपारी बाहेर बघवत नाही इतकं ऊन, आणि दिवे लागायच्या वेळी अचानक अंगाला बरी वाटणारी हवा. लोकांना या दिवसांत दिवाळीचे वेध लागतात. मला राग येतो. दरवर्षी थोडा यायचा. यंदा फार आला, म्हणून दिनदर्शिकेची पाठकोरी पानं घेऊन लिहायला बसले. बोलून दाखवायचं मला कधी जमलं नाही. चार माणसं समोर असली की माझा आवाज घशातच बसून राहतो.

खळ करायला फार काही लागत नाही. मैदा गार पाण्यात कालवायचा, गुठळी मोडायची, मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरा रंग जाऊन ती काचेसारखी दिसायला लागली की उतरवायची. त्यात चिमूटभर मोरचूद. हे मला बाजारातल्या बाइंडरने सांगितलं होतं. मोरचूद विषारी, म्हणून त्याची बाटली मी देवघराच्याही वर ठेवायची. त्याने खळीला जरासा हिरवा रंग येतो आणि कागदाला कसर लागत नाही. कागद चिकटवायच्या आधी ओल्या फडक्याला नुसता टेकवायचा. कोरड्या कागदाला खळ लावली की तो फुगतो आणि मग सुरकुत्या पडतात. हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

आमचे हे पनवेलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मेकॅनिक होते. जुन्या एक्स्चेंजमध्ये, जिथे हॉलभर लोखंडी कपाटं उभी असायची आणि गावात कुणी नंबर फिरवला की आत खटखट चालायची. त्या यंत्रांची पुस्तकं असत. जाड, निळ्या कापडी पुठ्ठ्याची, इंग्रजी. कुठली तार कुठे जाते, कुठला स्क्रू किती पिळायचा, काय बिघडलं तर काय करायचं, सगळं त्यात. मध्ये मध्ये घडीचे मोठे कागद, उलगडले की जमीनभर होणारे. आणि ही पुस्तकं एकदा छापून संपत नसत. वरून दुरुस्तीच्या चिठ्ठ्या येत. अमुक पानावरच्या तमुक ओळी बदलल्या, त्या जागी ही नवी चिठ्ठी लावा. छापील पट्ट्या, गठ्ठ्याने यायच्या आणि वर्षभर कपाटात पडून राहायच्या. पाऊस संपला की तपासणीचे साहेब येणार असत. मग धावपळ.

लग्नानंतरच्या पहिल्या आश्विनात ह्यांनी तो गठ्ठा घरी आणला. तेव्हा आम्ही जुन्या पनवेलात एका खोलीत राहायचो. हे डिंकाची बाटली घेऊन बसले. थोड्या वेळाने चिठ्ठी बोटाला, बोट पानाला आणि पान दुसऱ्या पानाला. मी पुढे होऊन सगळं हातातून घेतलं. तेव्हापासून ते काम माझं झालं, आणि ते माझं आहे असं कधी कुणी म्हणालं नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. आमच्या खाडीकडच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पुढची शाळा पनवेलला, आणि मुलीला एवढं लांब कोण पाठवतंय. इंग्रजी आकडे मात्र मला येत होते, बाजारातून शिकलेले. चिठ्ठीवर पानाचा आकडा असे, परिच्छेदाचा आकडा असे. आकडा आकड्याला जुळवायचा, पहिल्या शब्दाची अक्षरं चित्रासारखी ताडून बघायची. वाचता एक ओळ येत नव्हती.

यंदाच्या रागाचं मूळ इथेच आहे, म्हणून नीट सांगते. नियम असा होता की नवी चिठ्ठी जुन्या ओळींवर पूर्ण चिकटवून टाकायची. मला ते धाडस झालं नाही. खाली काय लिहिलंय ते मला कळत नव्हतं. एखादी कामाची गोष्ट मी झाकून टाकली आणि त्यापायी कुणाला शॉक बसला तर? म्हणून मी चिठ्ठीच्या फक्त डाव्या कडेला खळ लावायची. खिडकीच्या झडपेसारखी. वर नवं, उचललं की खाली जुनं. सगळ्या पुस्तकांत तसंच केलं.

ह्यांनी बघितलं तेव्हा कपाळाला हात लावला. "अगं बावळट, पूर्ण चिकटवायचं असतं! आता साहेब काय म्हणतील?"

साहेबांनी तपासणीत एक चिठ्ठी उचलून बघितली, खालचं वाचलं, वरचं वाचलं आणि म्हणाले, वा. हे घरी आले ते छाती काढून. मला काय म्हणाले? म्हणाले, "नशीब, चाललं."

त्यानंतर एक्स्चेंजमधल्या सगळ्यांची पुस्तकं आमच्याकडे यायला लागली.

त्यातला एक आश्विन माझ्या डोक्यातून जात नाही. त्या वर्षी मोठी तपासणी होती, लांबून बडे साहेब येणार होते. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पलंगावर पुस्तकं, पलंगाखाली पुस्तकं, सांडशी ठेवायच्या जागी पुस्तकं. पावसात दमट झालेली म्हणून मी ती आधी चाळीच्या पत्र्यावर उन्हात उलगडून ठेवायची, वर दगड, आणि कावळे हाकायला काठी घेऊन बसायची. ऊन इतकं की पानांचा पांढरा रंग डोळ्यांत खुपायचा. मग आत येऊन खळ. हात कोपरापर्यंत चिकट. जेवताना भाताला मोरचुदाची चव लागते असं वाटायचं.

आणि त्याच आश्विनात आमच्या गावची शेवटची कापणी होती. जमीन सरकारने घेतली होती, पुढल्या साली तिथे भराव पडणार होता. खाडीच्या बांधाला लागून आमचं भाताचं खाचर, पलीकडे मिठागर. आयने सांगावा धाडला, शेवटची कापणी हाय, ये. मी ह्यांना विचारलं. धीर गोळा करून विचारलं.

"आत्ता?" हे म्हणाले. "तपासणी तोंडावर आहे. भात काय, दरवर्षी पिकतं."

पुढल्या वर्षी पिकणार नव्हतं. एवढं एक वाक्य बोलायचं म्हणून कितीदा तरी पत्र्यावरून उठून आत आले आणि ते न बोलताच खळ ढवळायला बसले.

कापणी झाल्यावर आय स्वतःच आली. डोक्यावर गाठोडं, पायाला चिखल वाळलेला. उंबऱ्यात बसली, कारण आत बसायला जागाच नव्हती. गाठोड्यातून भाताच्या लोंब्यांची जुडी काढली. "शेवटचं हाय, म्हनून आनलं," म्हणाली. "दाराला बांध. चिमन्या खातील."

तिने जुडी टेकवायला जागा शोधली आणि जवळच्या पुस्तकावर ठेवली. हे आतून ओरडले, "अहो, त्यावर नको, ओलं आहे ते! सरकारी पुस्तक आहे!"

आयने जुडी चटकन उचलून परत मांडीवर घेतली. माझ्याकडे बघून हसली, आणि मी तिचं ते हसू आजवर विसरले नाही. चहाही न घेता उठली. "तुजी कामं हायत गो," म्हणाली.

बड्या साहेबांनी त्या वर्षी ह्यांना बक्षीस दिलं, काटेकोर कामाबद्दल. एक काळी ब्रीफकेस, कुलूप असलेली. आत ठेवायला ह्यांच्याकडे काही नव्हतं. मग कित्येक वर्षं त्यात डबा जायचा. सकाळी भाजीचं तेल सांडू नये म्हणून कागद गुंडाळून मीच ठेवायची.

त्याच आश्विनातला दसरा. एक्स्चेंजमध्ये यंत्रांची पूजा असायची आणि त्या दिवशी घरच्या माणसांना आत सोडायचे. झेंडूची माळ घातलेली कपाटं आणि त्यांच्या आत ती खटखट, जणू शंभर बायका एकाच वेळी विळीवर भाजी चिरतायत. मी एका कपाटासमोर उभी राहिले आणि मला ते ओळखू आलं! घडीच्या मोठ्या कागदावर हेच होतं, मीच त्यावर चिठ्ठी लावली होती. त्या कागदावरच्या रेघा मला मिठागरासारख्या वाटायच्या. चौकोनाला लागून चौकोन, मधून पाण्याच्या वाटा, जागोजागी उघाड्या, बांधातली दारं, जिथून पाणी आत घ्यायचं नाहीतर अडवायचं. फक्त एक गोष्ट चित्रात कळत नव्हती, आतला दांडा कसा हलतो ती. मी ह्यांना हळूच विचारलं, "हे आधी वर चढतं का आधी फिरतं?"

ह्यांनी सोबतच्या माणसांकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाले, "पुस्तकात बघ की!"

सगळे हसले. माझं शिक्षण सगळ्यांना माहीत होतं. मी प्रसादाचा द्रोण घेतला आणि झेंडूच्या ढिगाआड जाऊन उभी राहिले. त्यानंतर ती घरातली नेहमीची गंमतच झाली. गॅस बंद पडला, पुस्तकात बघ. चहाला पाहुणे कितीजण असं विचारलं, पुस्तकात बघ.

पुढे नवीन एक्स्चेंज आलं, खटखट बंद झाली. लोखंडी कपाटं भंगारात गेली. पुस्तकंही जाणार होती. त्यांतली काही ह्यांनी घरी आणली, इकडे फ्लॅटमध्ये आलो तेव्हा सोबत आली आणि दिवाणाच्या पोटात पडून राहिली. दर आश्विनात मी ती काढायची, गॅलरीत उन्हं दाखवायची, परत ठेवायची. का, ते मला विचारू नका. आय गेली, खाचरावर भराव पडला, आता तिकडून विमानं उठतात आणि दुपारी आमच्या काचा हलतात. ती पुस्तकं मात्र धड राहिली. त्यांना कसर लागू नये म्हणून मी जपत होते. माझ्या भाताच्या लोंब्या ज्या पुस्तकापासून दूर ठेवायला लावल्या होत्या, ते पुस्तक मी जपत होते. हा राग कुणावर काढायचा?

गेल्या आश्विनात आमचा अमोल रोडपालीहून साफसफाईला हात लावायला आला. "बाबा, हे रद्दीत द्या ना आता," म्हणाला. मग काय वाटलं, त्याने फोटो काढून मोबाइलवर टाकले. थोड्याच दिवसांत पुण्याहून रेगे नावाचे गृहस्थ दारात. जुने टेलिफोन जमवतात. निवृत्त इंजिनिअर, पांढरी दाढी, पायात कॅनव्हासचे बूट, बोलायला गोड. दिवाणावर पुस्तकं मांडली तर लहान मुलासारखे मांडी घालून जमिनीवर बसले.

"यंत्रं मिळतात हो साहेब," ते ह्यांना सांगत होते. "भंगारवाल्याकडे जा, फोन पडलेले असतात. पण उघडून आत काय करायचं, ते कुठे लिहिलंय? पुस्तकं सगळी लगद्याला गेली. आणि जी मिळतात त्यातले हे घडीचे नकाशे फाडून नेलेले. करेक्शन्स लावलेली प्रत तर बघायला मिळत नाही. आमच्यातले लोक अशा एका पुस्तकासाठी गावोगाव फिरतात."

मी चहा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

त्यांनी एक चिठ्ठी बोटाने उचलली. खालचं वाचलं. मग दुसरी उचलली, मग तिसरी. चष्मा काढून पुसला.

"साहेब," म्हणाले, "हे तुम्ही एका कडेने लावलंय! जुना मजकूर खाली तसाच! म्हणजे यंत्र कसं कसं बदलत गेलं, ते सगळं या एका पुस्तकात आहे. असं मी कुठेच बघितलेलं नाही. काय दूरदृष्टी हो!"

हे नुसते मान हलवून हसले.

"आणि ही हिरवट कड बघा. मोरचूद! म्हणून कीड नाही."

"घालावा लागतो," हे म्हणाले.

घालावा लागतो. म्हणायला खोटं नव्हतं. घातला असंही म्हणाले नाहीत. घालावा लागतो. मी ट्रे घेऊन दोन पावलं पुढे झाले. रेग्यांनी वर बघितलं. "वहिनी, या ना. मिस्टर फार मोठं काम करून बसलेत, माहितीय का तुम्हाला?"

"हिला त्यातलं काही कळत नाही," हे म्हणाले. प्रेमानेच म्हणाले.

मी चहा ठेवला आणि आत आले. सिंकमध्ये नळ सोडून उभी राहिले. मला दूरदृष्टी नव्हती, हे खरं आहे. मला वाचता येत नव्हतं. वाचता आलं असतं तर मीही सगळ्यांसारखं झाकून मोकळी झाले असते. ज्या गोष्टीवरून सगळे हसले, त्याच गोष्टीतून ती पुस्तकं लाखात एक झाली, आणि त्याचा मान बाहेर दिवाणावर बसून चहा पीत होता. हे वाईट माणूस नाहीत. माझं दुखणं-खुपणं बघतात, भाजी आणतात, मला खोकला झाला तर स्वतः वाफारा करून देतात. म्हणून तर राग ठेवायला जागा मिळत नाही. वाईट असते तर सोपं होतं.

रेगे पैसे देत होते. ह्यांनी घेतले नाहीत, म्हणाले, कामाची कदर झाली, पुरे. पुस्तकं गेली. जाताना मी पुठ्ठ्यावरून हात फिरवला, तेवढंच.

यंदा आश्विन लागला आणि रेग्यांचा फोन आला. पनवेलला एका हॉलमध्ये जुन्या टेलिफोनांचं प्रदर्शन भरवतायत. त्यांना अजून एक पुस्तक सापडलंय, चिठ्ठ्या न लावलेलं, आणि चिठ्ठ्यांचा कोरा गठ्ठाही. साहेबांनी, म्हणजे ह्यांनी, स्टेजवर बसून त्या लोकांसमोर लावून दाखवाव्यात, अगदी तशाच, एका कडेने. शाल-श्रीफळ आहे. हे दोन दिवस गाणी गुणगुणत होते. तिसऱ्या दिवशी पुस्तक आणि गठ्ठा घरी आला.

"तू असं कर," हे म्हणाले, "बऱ्याचशा इथेच लावून ठेव. मी तिथे एखाददुसरी लावेन. आणि खळ डब्यात भरून दे."

प्रदर्शन रविवारी होतं. माझी धाकटी बहीण यमुना नेऱ्याला दिली आहे. डोंगराखाली त्यांचं भात अजून आहे. दर आश्विनात तिचा फोन येतो आणि दर आश्विनात मी काही ना काही कारण सांगते. या वेळी गठ्ठा घरी आला त्याच दिवशी फोन आला. "ताय, यंदा तरी येतंस का नाय? रविवारी सगली मानसं येताव कापनीला. का तुजी कामं हायत?"

तुजी कामं हायत. आयचा आवाज, अगदी तोच.

"येते," मी म्हणाले.

ह्यांना सांगताना मी ओट्याकडे तोंड करून उभी होते. तोंडाकडे बघून मला जमलं नसतं. "मी रविवारी नेऱ्याला चाललेय."

"रविवारी? अगं, प्रदर्शन आहे रविवारी."

"माहितीय."

"मग चिठ्ठ्या कोण लावणार? खळ कोण करणार?"

मी मैद्याचा डबा काढून ओट्यावर ठेवला. पातेलं ठेवलं. वर हात घालून मोरचुदाची बाटली काढली, तीही ठेवली. "तुम्हीच करा," म्हटलं. "मोरचूद घालावा लागतो."

हे हसले. त्यांना वाटलं, गंमत करतेय. मग हसणं थांबलं. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर पातेलं उचलून ढवळायला लागले असते, मला माझी खात्री आहे.

रविवारी सकाळची एसटी पकडली. नेऱ्याला उतरले तर हवेत अजून थोडा गारवा होता. डोंगर धुतल्यासारखा हिरवा, खाली पिवळं भात. माझ्या गुडघ्यांनी फार वाकवत नाही. थोडं कापलं, मग बांधावर बसून कापलेल्या भाताचे भारे बांधायला घेतले. पेंढ्याच्या ताज्या दोरीने हात खरबरीत झाले. नवीन भाताचा वास आला आणि मी रडले. कुणाचं लक्ष नव्हतं. यमुनेच्या जावा एकमेकींना टोमणे मारत पुढे गेल्या होत्या.

ऊन चढलं तेव्हा मोबाइल वाजला. हे होते. मागे माइकवरून कुणीतरी बोलत होतं, टाळ्या होत होत्या.

"अगं," हे हळू आवाजात म्हणाले, "खळीच्या गुठळ्या झाल्यात. आणि चिठ्ठी लावली की सुरकुततेय. दोन फाटल्या. समोर सगळे बसलेत. रेगे बघतायत. काय करू, सांग ना लवकर."

ओल्या फडक्याला नुसती टेकवायची. एवढंच. जिभेच्या टोकावर होतं. समोर बांधावर भाताची जुडी पडली होती आणि तिच्यावर कुणीही ओरडत नव्हतं.

"पुस्तकात बघा," मी म्हणाले.

इतक्या मोठ्याने, की पुढच्या बायकांनी वळून पाहिलं.